फॅशन मासिकाची वेबसाइट आपला वाचक कसा घडवते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं एका फॅशन मासिकाच्या वेब आवृत्तीवर काम करते आहे. कपडे निवडणं माझ्याकडे नाही, लिहिणंही फारसं नाही. कोणता मजकूर कोणापर्यंत पोहोचतो आणि ती व्यक्ती पुन्हा आपल्याकडे येते का, हे बघणं माझ्याकडे आहे. पत्रकारितेचे विद्यार्थी, डेस्कवर नव्याने आलेली मुलं-मुली, छोट्या ब्रँडची मंडळी साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. वाचकाला मी बहुतेक ठिकाणी ‘ती’ म्हटलं आहे, कारण आमचे बहुसंख्य वाचक बायका आहेत. पुरुष वाचकांनाही हे सगळं तसंच लागू पडतं.

छापील अंकाचा वाचक आणि वेबसाइटचा वाचक एकच असतो का?

क्वचितच. छापील अंक घेणारी व्यक्ती मुखपृष्ठ बघते, पैसे मोजते आणि सबंध अंक घरी नेते. मग जे शोधत नव्हती तेही तिच्या नजरेखालून जातं. वेबसाइटवर होमपेजवरून आत शिरणारे थोडे. बाकीचे थेट मधल्याच एखाद्या पानावर उतरतात. कोणी ‘रुंद खांद्यांना कोणता ब्लेझर’ असं शोधून आलेली असते, कोणी एक फोटो बघून, कोणी मैत्रिणीने पाठवलेली लिंक उघडून. आपण कोणत्या मासिकाच्या साइटवर आहोत हे त्यांतल्या अनेकींच्या लक्षातही येत नाही.

वाचक पारखून निवडायची कल्पना मात्र इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. ‘हार्पर्स बझार’ १८६७ मध्ये आणि ‘व्होग’ १८९२ मध्ये निघालं, दोन्ही सुरुवातीला साप्ताहिकं होती. १९०९ मध्ये कॉन्डे नास्ट या प्रकाशकाने ‘व्होग’ विकत घेतलं. त्यांचं गणित सरळ होतं : खप अफाट नसला तरी चालेल, पण जाहिरातदाराला जे गिऱ्हाईक हवं आहे नेमकं तेच आपल्या अंकाभोवती जमलेलं असावं. ‘एल’ १९४५ मध्ये पॅरिसला सुरू झालं, महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना. टंचाईच्या दिवसांतही नीटनेटकं राहू पाहणारी बाई त्यांच्या डोळ्यांपुढे होती. आज आम्ही ज्याला टार्गेटिंग म्हणतो त्याची मुळं इथे आहेत. तेव्हा वाचकाची कल्पना संपादकाच्या डोक्यात असायची, आता ती डॅशबोर्डवर, म्हणजे वाचकांचे आकडे दाखवणाऱ्या पडद्यावर असते. तिथूनच पुढचे बरेचसे घोटाळे सुरू होतात.

‘टार्गेट ऑडियन्स’ ठरवतात तरी कसा?

रूढ पद्धत म्हणजे वय, लिंग, शहर, उत्पन्न. जाहिरात विभागाच्या मीडिया किटमध्ये, म्हणजे जाहिरातदारांना द्यायच्या माहितीपत्रकात, हेच छापलेलं असतं आणि जाहिरातदारांची भाषाही तीच असल्यामुळे ते लागतंच. पण त्यावरून मजकूर ठरवायला गेलं की हमखास फसायला होतं, आणि मी ते पुरेपूर अनुभवलं आहे.

पूर्वी मी जिथे काम करत होते तिथे भिंतीवर एका कल्पित वाचक मुलीचं चित्र लावलेलं होतं. वय २८, नोकरी करणारी, एकटी राहणारी, शनिवारी खरेदीला जाणारी. मीटिंगमध्ये कोणी विषय सुचवला की सगळे त्या चित्राकडे बघायचे : ‘ही वाचेल का?’ त्याच काळात बिनबाह्यांच्या ड्रेसवर आमचा एक लेख गेला. आठवडाभरात मेल येऊ लागले, ‘यातलं कोपरापर्यंत बाही असलेलं काही आहे का?’ एक, दोन, मग रोज. लिहिणाऱ्या बहुतेक पन्नाशीच्या आसपासच्या होत्या. दंड झाकावेसे वाटणाऱ्या, पण चांगलं दिसण्याची हौस जराही न सोडलेल्या. आम्ही केवळ बाह्यांवर एक लेख केला : कोणती बाही कुठे संपते, कोणत्या कापडात ती फुगते, कोणत्या कापडात पडून राहते. तो लेख पुढे किती तरी महिने वाचला जात होता. भिंतीवरच्या मुलीला तो सुचलाच नसता.

तेव्हापासून मी वाचक कोण आहे यापेक्षा ती कशासाठी आली आहे, हा प्रश्न आधी विचारते. फॅशनच्या साइटवर लोक ढोबळमानाने चार कारणांनी येतात. काहींना नुसतं बघायचं असतं : रॅम्प, रेड कार्पेट, सुंदर फोटो. काहींना शिकायचं असतं : हे कशावर घालू, हे धुऊ कसं, माझ्या अंगकाठीला काय शोभेल. काहींना विकत घ्यायचं असतं आणि निर्णय अडलेला असतो. काहींचा हा धंदाच असतो, म्हणजे शिंपी, डिझाइनचे विद्यार्थी, दुकानांचे खरेदी अधिकारी. एकच बाई सोमवारी बघायला येते आणि गुरुवारी घ्यायला. ‘मुलाखतीला काय घालू’ असं शोधणारी बावीस वर्षांची असेल किंवा दहा वर्षांनी पुन्हा नोकरीवर निघालेली बेचाळीस वर्षांची. दोघींची धाकधूक तीच असते आणि दोघींना उत्तर आजच हवं असतं.

वाचक येतात कुठून?

सर्च, गूगल डिस्कव्हरसारखे आपोआप मजकूर सुचवणारे फीड, सोशल मीडिया, न्यूजलेटर आणि थेट पत्ता टाकून किंवा बुकमार्कवरून. प्रत्येक वाटेने येणाऱ्याचा स्वभाव वेगळा असतो.

सर्चवरून आलेल्या व्यक्तीला प्रश्न पडलेला असतो. तिला पहिल्या दोन परिच्छेदांत उत्तर दिलं नाही तर ती मागे फिरते. डिस्कव्हरवरून आलेलीने काहीच विचारलेलं नसतं, ती चित्रावर थबकलेली असते. म्हणून तिथे फोटो मोठा लागतो. गूगलचीच शिफारस किमान १२०० पिक्सेल रुंदीची आहे, आणि हे एवढं साधं काम अनेक साइट्स करत नाहीत. सोशल मीडियावरून येणारी घाईत असते. न्यूजलेटरवरून येणारी आपल्याला नावानिशी ओळखते, आणि थेट येणारी तर घरचीच.

फॅशनमध्ये चित्राचं महत्त्व किती, याचा एक प्रसंग मी नव्या मुलांना नेहमी सांगते. फेब्रुवारी २००० मध्ये ग्रॅमी समारंभात जेनिफर लोपेझ यांनी व्हर्साचेचा हिरवा, पानाफुलांच्या नक्षीचा ड्रेस घातला. तो बघण्यासाठी गूगलवर शोधाची अशी झुंबड उडाली की तोवर तिथे सर्वाधिक झालेला शोध तोच ठरला. लोकांना ड्रेसबद्दल वाचायचं नव्हतं, ड्रेस बघायचा होता, आणि गूगलकडे तेव्हा निळ्या लिंकांशिवाय द्यायला काही नव्हतं. २००१ च्या जुलैत गूगल इमेजेस सुरू झालं. या ड्रेसमुळे त्याची गरज कळली, असं बरीच वर्षं गूगलचे प्रमुख असलेले एरिक श्मिट यांनीच पुढे लिहिलं आहे.

म्हणून फोटोच्या फाइलला ‘आयएमजी ४४७१’ असं नाव ठेवून दिलं की मला वाईट वाटतं. त्या फोटोत काय आहे, कापड कोणतं, रंग कोणता, हे नावात आणि पर्यायी मजकुरात लिहायला अर्धा मिनिट लागतो. तो पर्यायी मजकूर दृष्टिहीन वाचकांना त्यांचा स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. ‘स्त्रीचा फोटो’ ऐकवून त्यांना काय कळणार? ‘गुडघ्याखाली संपणारा, कमरेला पट्टा असलेला उंटाच्या रंगाचा लोकरी कोट’ असं ऐकलं की कोट डोळ्यांपुढे येतो.

सर्चमध्ये आपण वर दिसावं म्हणून नेमकं काय करता?

याचं अर्धं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिस या चार फॅशन वीकमध्ये कपडे साधारण सहा महिने आधी दाखवले जातात. येत्या शरद-हिवाळ्याचे फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुढच्या वसंत-उन्हाळ्याचे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणजे एकाच कोटाला दोन लाटा येतात. पहिली शोच्या आठवड्यात. तिच्यात हौशी आणि धंद्यातले लोक असतात, ते डिझायनरच्या नावाने शोधतात. दुसरी खरोखरची थंडी पडल्यावर. ती कितीतरी मोठी असते, आणि त्या लाटेतल्या कोणालाही डिझायनरचं नाव ठाऊक नसतं. त्यांच्या शोधात ‘लांब कोट’, ‘बुटक्या मुलींनी घालायचा कोट’, ‘कोटाखाली काय घालावं’ असे शब्द असतात.

आमच्याकडून एकदा झालेली चूक सांगते. मार्चमध्ये कोटांवर एक सुरेख लेख केला. शीर्षकात डिझायनरांची नावं, पानाच्या पत्त्यात वर्षाचा आकडा. शोच्या आठवड्यात चांगला चालला. ऑक्टोबरमध्ये लोक जेव्हा खरंच कोट शोधू लागले तेव्हा तो कुठेच दिसेना, कारण त्यांचे शब्द त्या लेखात नव्हतेच. आम्ही घाईघाईने नवा लेख लिहिला आणि तो वर येईस्तोवर थंडी सरत आली होती. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

आता कोटांसाठी आमचं एकच कायमचं पान आहे, पत्त्यात वर्ष नाही. दर ऑगस्टअखेर ते ताजं करतो : संपलेले कपडे काढायचे, नवे घालायचे, आणि गेल्या हिवाळ्यात वाचकांनी मेलमधून जे विचारलं त्याची उत्तरं मजकुरात मिसळायची. वर्षानुवर्षं त्याच पत्त्यावर लोक येत राहिल्यामुळे सर्चच्या लेखी त्या पानाचं वजन वाढत जातं. आणखी एक, आपण ऑगस्टमध्ये कोट काढतो तेव्हा दक्षिण गोलार्धातल्या वाचकांची थंडी सरत आलेली असते. त्यांच्यासाठी न्यूजलेटरची यादी वेगळी ठेवली तर बरं, नाहीतर ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर आपण त्यांना लोकर विकत बसतो.

तांत्रिक बाजू थोडक्यात : पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा आणि वाचताना मजकूर उड्या मारू नये. फॅशनच्या साइट्स जड फोटोंमुळे इथेच मार खातात. जाहिरात उशिरा उतरते, मजकूर खाली ढकलला जातो आणि वाचकाचं बोट भलत्याच ठिकाणी पडतं.

सोशल मीडियावर आमचे फॉलोअर भरपूर आहेत. ते साइटवर का येत नाहीत?

कारण त्यांना यायची गरज पडत नाही. इन्स्टाग्राम २०१० मध्ये आलं तेव्हापासून पोस्टखालच्या मजकुरातली लिंक तिथे उघडत नाही. लोकांनी तिथेच रमावं अशीच त्याची बांधणी आहे. तिथे मिळालेली ओळख खोटी नसते, पण ती ओळख त्या ॲपच्या हिशोबात जमा होते. अल्गोरिदम बदलला की काल लाखभरांना दिसणारी पोस्ट आज काही हजारांना दिसते आणि विचारायला दार नसतं.

आम्ही तिथे संपूर्ण लुक दाखवतो आणि ‘हे शिवलं कसं’, ‘याच कापडाचे साधे पर्याय कोणते’ हा भाग साइटवर ठेवतो. ज्याला खरी ओढ आहे तो येतो. फॉलोअरच्या आकड्यातला अगदी छोटा भागच येतो आणि तेवढं पुरतं.

न्यूजलेटरला एवढं महत्त्व का देता?

मेलचा पत्ता वाचकाने स्वतःहून दिलेला असतो आणि मध्ये तिसरा कोणी नसतो. ती यादी आपली. उद्या एखादं ॲप बंद पडलं तरी ती राहते.

पण ‘किती जणांनी उघडलं’ या आकड्यावर विसंबू नका. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये अशी सोय आहे की ती निवडलेल्या वाचकाने मेल उघडला नाही तरी त्यातली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात आणि आपल्याकडे तो ‘उघडला’ म्हणून नोंदला जातो. तेव्हा अनेकांचे ओपन रेट अचानक वाढले आणि सगळे खूश झाले. आम्हीही झालो. मग लिंकवर टिचकी मारणारे पूर्वीइतकेच आहेत हे लक्षात आलं.

मी तीन गोष्टी बघते : टिचक्या, नाव काढून घेणारे आणि उत्तर लिहिणारे. उत्तर येतं का, हे बहुतेकजण मोजतच नाहीत. आमच्या शुक्रवारच्या पत्राखाली एका सहकाऱ्याचं पहिलं नाव असतं आणि एकच प्रश्न असतो. एकदा विचारलं, ‘कपाटात असा कोणता कपडा आहे जो तुम्ही घालत नाही, पण टाकवतही नाही?’ दुपारपर्यंत उत्तरांची रीघ लागली. आईचा स्वेटर, न बसणारी जीन्स, पहिल्या पगारातलं जॅकेट. एकीने लिहिलं होतं की जॅकेटचं अस्तर फाटलंय, ते कोण बदलून देतं हेच तिला माहीत नाही. त्या एका ओळीतून कपडे दुरुस्तीचं आमचं सदर सुरू झालं. आम्ही कोणालाही टार्गेट केलं नव्हतं, विचारलं होतं.

कोणते आकडे बघायचे आणि कोणते सोडून द्यायचे?

पेजव्ह्यूचा, म्हणजे पानं किती वेळा उघडली गेली या आकड्याचा, मोह सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत फसवा. एक काळ होता, रेड कार्पेटचे साठ फोटो साठ वेगळ्या पानांवर टाकले जायचे. एक वाचक शेवटपर्यंत गेली की साठ पेजव्ह्यू. कागदावर साइट वाढलेली दिसायची आणि ती बिचारी दर फोटोला पान उतरायची वाट बघत बसायची.

समजा, एका महिन्यात एक लाख लोक आले आणि त्यांतले पाच हजार त्याच महिन्यात पुन्हा आले. पुढच्या महिन्यात कुठल्याशा ड्रेसवरून वाद पेटला आणि तीन लाख आले, पण पुन्हा येणारे पाच हजारच राहिले. मीटिंगमध्ये पेढे वाटले जातील. माझ्या लेखी मात्र साइट तसूभरही वाढलेली नाही. नव्याचे नऊ दिवस. त्या जादा आलेल्या दोन लाखांतली एखादी तरी दुसरं पान उघडून गेली का, हे मला बघायचं असतं.

म्हणून माझ्या तक्त्यात सर्वांत वर ‘महिन्यात तीन किंवा जास्त वेळा आलेले’ हा रकाना असतो. त्याखाली, लेखाच्या तळापर्यंत पोहोचलेले. त्याखाली, एका लेखावरून दुसऱ्या लेखावर गेलेले. बाउन्स रेटचा, म्हणजे एकच पान बघून परतणाऱ्यांच्या प्रमाणाचा, मी बाऊ करत नाही. डाग कसा काढायचा हे वाचून कोणी लगेच निघून गेली तर तिचं काम झालं, ती डाग काढायला गेली.

हेडलाइनची चाचणी घेता का?

घेतो. एकाच लेखाला दोन शीर्षकं, अर्ध्या वाचकांना एक, अर्ध्यांना दुसरं. पण जास्त टिचक्या मिळालेलं शीर्षक जिंकलं असं आम्ही लगेच मानत नाही, त्या शीर्षकावरून आलेली माणसं लेखात थांबली का तेही बघतो. ‘ही चूक तुम्हीही करता’ छापाची शीर्षकं टिचक्या आणतात आणि वाचकाच्या मनात खुपत राहतात. स्वतःच्या अंगाबद्दल आधीच खट्टू असलेल्या माणसाला आणखी लाजवून आत ओढायचं नाही, हा आमच्या डेस्कवरचा नियम आहे आणि तो मी कुठल्याही आकड्यासाठी मोडू देत नाही.

कुकी आणि खासगी माहितीचं काय? तुम्ही वाचकांच्या मागावर असता का?

प्रश्न रास्त आहे. एका साइटवर बूट बघितले की आठवडाभर तेच बूट दुसऱ्या साइट्सवर दिसत राहतात, हे मुख्यतः त्रयस्थ कंपन्यांच्या कुकीमुळे, म्हणजे आपल्या ब्राउझरमध्ये ठेवल्या जाणाऱ्या ओळखीच्या छोट्या नोंदींमुळे होतं. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा खासगी माहिती जपणारा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला आणि वाचकाची परवानगी घेणं बंधनकारक झालं. ॲपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२० मध्ये अशा त्रयस्थ कुकी पूर्णपणे अडवल्या. गूगलनेही जानेवारी २०२० मध्ये क्रोममधून त्या काढून टाकण्याचं जाहीर केलं, मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत बदलला. या चार वर्षांत आम्ही सगळे आधीच दुसऱ्या वाटेला लागलो होतो.

ती वाट म्हणजे मजकुरावरून टार्गेटिंग. धावण्याच्या बुटांवरच्या लेखाशेजारी बुटांची जाहिरात. यात बाईंचं वय काय, काल त्या कुठे गेल्या होत्या, काही माहीत असावं लागत नाही. त्या आत्ता काय वाचताहेत एवढं पुरतं. मासिकं शंभर वर्षं हेच करत आली.

दुसरी गोष्ट, वाचकाने आपणहून दिलेली माहिती. आमच्याकडे ‘तुमची शैली कोणती’ अशी प्रश्नावली आहे. तिच्यात फक्त तेच विचारतो ज्याचा वाचकाला उपयोग होईल : मोजे-बुटांपासून कोटापर्यंत कशावरचे लेख हवेत, आठवड्यातून किती मेल चालतील. कपड्याचा साइज विचारावा असं जाहिरात विभागाने सुचवलं होतं. बरीच चर्चा झाली आणि तो रकाना ऐच्छिक ठेवायचं ठरलं, शिवाय त्याखाली ती माहिती कशासाठी वापरणार हे एका ओळीत लिहायचं. माहिती जपायची तर आधी ती कमी मागायला हवी.

जाहिरातदार नेमकं काय विकत घेतात?

पूर्वी जागा घ्यायचे, आता लक्ष घ्यायचा प्रयत्न करतात. वेबवरच्या पहिल्या बॅनर जाहिराती २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या साइटवर झळकल्या. आज बॅनर ‘दिसला’ असं मानायची रूढ अट अशी : त्याचा निम्मा भाग किमान एक सेकंद पडद्यावर असला पाहिजे. एक सेकंद! यावरून बॅनरची किंमत का घसरली ते कळतं.

म्हणून ब्रँड आता मजकूरच प्रायोजित करतात. आमच्या शैलीतला लेख, आमचे फोटो, पैसे त्यांचे. यात गैर काही नाही, फक्त ते लेखाच्या माथ्यावर, शीर्षकाआधी, स्पष्ट शब्दांत लिहिलेलं असावं. ‘सहकार्याने’, ‘सादर करीत आहे’ असे गुळमुळीत शब्द मला पसंत नाहीत. ‘जाहिरात’ हा शब्द सगळ्यांना कळतो. प्रायोजित लेख चांगला असेल तर वाचक तो वाचतात. फसवलं गेल्याचं लक्षात आलं तर पुढचा प्रामाणिक लेखही संशयाने वाचतात.

लेखातून विक्री झाली की तुम्हाला कमिशन मिळतं. मग तुमच्या शिफारशीवर विश्वास कसा ठेवायचा?

अॅफिलिएट लिंक म्हणतात ती हीच. वाचकाला किंमत जास्त पडत नाही, दुकान आपल्या नफ्यातला थोडा हिस्सा आम्हाला देतं. आमच्याकडे कपडा निवडणाऱ्या व्यक्तीला कोणत्या दुकानाचं कमिशन किती हे सांगितलंच जात नाही, लिंका नंतर दुसरी व्यक्ती लावते. ही व्यवस्था शंभर टक्के निर्दोष आहे असा माझा दावा नाही, पण ती नसलेल्या साइटवरच्या याद्या वाचल्या की फरक जाणवतो.

मासिक आणि दुकान यांची सरमिसळ सोपी नाही. नताली मासने यांनी २००० मध्ये ‘नेट-अ-पोर्टे’ सुरू केलं तेव्हा दुकानालाच मासिकाचं रूप दिलं, आणि ते चाललं. उलट दिशेने जाणं अवघड ठरलं. कॉन्डे नास्ट कंपनीची ‘स्टाइल डॉट कॉम’ ही साइट रॅम्पवरच्या फोटोंसाठी जगभर नावाजलेली होती. २०१५ मध्ये तिचं दुकान करायचं ठरलं, रॅम्पचा मजकूर ‘व्होग’च्या ‘व्होग रनवे’ या विभागाकडे गेला, आणि ते दुकान २०१७ मध्ये बंद झालं. फोटो बघायला येणारी माणसं आणि खरेदीला येणारी माणसं वेगळी होती. वर चार कारणं सांगितली त्यांतलं पहिलं आणि तिसरं.

एआय थेट उत्तरं देऊ लागलं आहे. तुमच्या साइटचं काय होणार?

काही लेखांची गरज कमी होते आहे. गूगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत शोधाच्या वरच एआयने लिहिलेला सारांश द्यायला सुरुवात केली. ‘लिनन आकसतं का’ याचं उत्तर तिथेच मिळालं तर कोणी आमच्याकडे कशाला येईल? पण तीन ब्रँडचे लिनन शर्ट आम्ही आणून, मोजून, पाच वेळा धुऊन पुन्हा मोजले आणि प्रत्येक धुण्यानंतर कॉलरचा फोटो काढला, तर ती गोष्ट आमच्याशिवाय कोणाकडे नसते. त्यामुळे नव्या लेखकांना मी मोजपट्टी देते.

नवी साइट काढते आहे. सुरुवात कुठून करू?

एका अडचणीपासून. ‘स्टाइल, ब्यूटी, लाइफस्टाइल’ असे सहा विभाग उघडून बसू नका, ते भरताना जीव मेटाकुटीला येतो. उंच मुलींना पुरेशा लांब पॅन्ट मिळत नाहीत, हा एवढाच विषय घेतलात तरी वर्षभर पुरेल. पहिल्या दिवसापासून न्यूजलेटर ठेवा. यादीत चाळीस जण असतील तर चाळीस जणांना लिहा आणि त्यांच्या उत्तरांना उत्तरं द्या.

तुमच्या टार्गेटमध्ये न बसणाऱ्यांचं काय?

हा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो, म्हणून मीच तो इथे घातला आहे.

कोणाला तरी टार्गेट करायचं म्हणजे कोणाला तरी वगळायचं, आणि वगळलेल्यांचे आकडे कधीच समोर येत नाहीत. मोठ्या साइजचे फोटो नसलेल्या साइटवर मोठ्या साइजच्या बायका येत नाहीत, आणि मग कोणीतरी तक्ता दाखवून म्हणतं, ‘बघा, आपल्याकडे त्या वाचकच नाहीत.’ हे मी डोळ्यांदेखत घडताना बघितलं आहे.

एका हिवाळ्यात कोटांच्या त्या कायमच्या पानाखालून एक मेल आला. लिहिणारी व्हीलचेअर वापरते. तिचा प्रश्न होता, ‘यांतला कोणता कोट बसल्यावर बरा दिसतो?’ आम्ही बावीस कोट निवडले होते आणि सगळे उभ्या मॉडेलवर. कोणालाच उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी सॅम्पलच्या खोलीत आम्ही चौघी-पाचजणी एकेक कोट घालून खुर्चीत बसलो. लांब कोट चाकात अडकतील असे लोंबत होते. जाड कापडाचे पोटाशी गोळा होत होते आणि कॉलर हनुवटीपर्यंत वर चढत होती. मागे चीर असलेले कोट बसल्यावर दोन्ही बाजूंना सरकत आणि पाठीखाली चुण्या पडत नसत. खिशांचंही तसंच : सरळ खिसे बसल्यावर बंद होत, तिरके उघडे राहत. बावीसपैकी चार कोट खऱ्या अर्थाने बसण्याजोगे निघाले.

त्या चारांचे फोटो काढून तिला पाठवले, मग पानावरही घातले. दिवसभर गाडी चालवणारे, ऑफिसात खुर्चीवरून न उठणारे, गर्भार बायका, अशा कितीतरी जणांनी तो भाग वाचला. तिनेही पुन्हा लिहिलं, तिरक्या खिशांचा कोट घेतला म्हणून, आणि खाली एक ओळ होती : ‘बाह्या किंचित लांब आहेत, चाक फिरवताना मळतात, तेही लिहा.’ लिहिलं. आता आमच्या शूटच्या यादीत प्रत्येक कोटापुढे उभी, चालताना, पाठमोरी असे तीन रकाने असायचे त्यांच्या शेजारी ‘बसलेली’ हा चौथा असतो.